देवडीवरचा पहारा

त्या रविवारीं सकाळपासून तीन निरनिराळ्या माणसांनीं माझ्या प्रकृतीची चौकशी केली. प्रथम शेजारच्या काकूंनीं कुंपणावरून केली. मग एका निवृत्त सहकाऱ्यांनीं भाजीमंडईंत माझा हात हातांत घेऊन केली. आणि शेवटीं, ज्याची माझी वर्षांतून दोनदांहि गांठ पडत नाहीं अशा एका मावसभावानें फोनवरून केली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला आपल्या प्रकृतीची चौकशी झालेली आवडते. पण एकाच सकाळीं ती तीनदां झाली म्हणजे तो आरशापुढें जाऊन उभा राहतो. मीहि राहिलों. चेहऱ्यांत नवा असा कांहीं बिघाड दिसला नाहीं. तेव्हां हा केवळ योगायोग, असें ठरवून मीं पुस्तक उघडलें, तोंच दारांत माझा भाचा उभा! पुण्याहून रात्रीच्या गाडीनें निघून तो सांगलीस आला होता. हातांत एक पिशवी आणि चेहऱ्यावर जागरण.

"अरे, न कळवतां?" मी म्हणालों.

"सहज आलों, मामा," तो म्हणाला, आणि त्यानेंहि मला पायांपासून डोक्यापर्यंत एकदां न्याहाळून घेतलें.

पुस्तकाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. गेल्या जूनपासून मी आमच्या इतिहास विभागाचा प्रमुख झालों. प्रमुख होणें म्हणजे अधिकार मिळणें अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षांत तें दार काढून घेतलेल्या घरांत राहण्यासारखें निघालें. विभागाचा एक व्हॉट्सॲप गट, परीक्षेचा एक, प्रवेशाचा एक, माजी विद्यार्थ्यांचा एक, आणि ज्याचा हेतु मला अद्याप कळलेला नाहीं असा आणखी एक. एके दिवशीं मीं बसून मोजले, तों दिवसभरांत २१४ निरोप आले होते. आणि त्यांपैकीं खास मला उद्देशून, मीं उत्तर द्यावें असे, अवघे ११! उरलेले दोनशें तीन सुप्रभात, अभिनंदन आणि अभिनंदनाबद्दलचे आभार यांत वांटले गेले होते.

त्याच संध्याकाळीं मीं एक नियम केला. सहा ते नऊ फोन मुका राहील. एका लहानशा यादींतलीं माणसें मात्र त्या वेळींहि आंत येऊं शकतील: प्राचार्य, विद्यापीठाचा परीक्षा विभाग, आमच्या कचेरीचे अधीक्षक आणि दोन सहाध्यापक. बाकीच्यांनीं नऊनंतर यावें. नियम इतका यशस्वी झाला कीं, तीन वर्षांत वाचून झालीं नव्हतीं तितकीं पुस्तकें मीं तीन महिन्यांत वाचलीं, आणि ही हकीकत मी भेटेल त्याला सांगूं लागलों. त्यांतच माझी पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठीं महिनाभर नागपुरास गेल्यामुळें घरांत माझ्या नियमाला आव्हान देणारेंहि कोणी उरलें नव्हतें.

अर्थात् चहा टाकतां टाकतां भाच्यालाहि मीं ती सांगितलीच. तो पुण्यास एका मोठ्या जाळ्याचे राउटर सांभाळतो. आमच्या कुटुंबांत त्याच्या कामाचें वर्णन "कंप्यूटरमध्यें कांहींतरी" या पलीकडे आजवर गेलेलें नाहीं. माझी हकीकत ऐकून तो हंसला.

"मामा, हें तर माझंच काम. आम्ही याला कंट्रोल प्लेनचं पोलिसिंग म्हणतों."

हमाल आणि कारभारी

राउटर म्हणजे इंटरनेटच्या चव्हाट्यावर बसलेला वाटाड्या, इतकें मला ठाऊक होतें. आपण पाठविलेल्या पत्राचे वा चित्राचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर तो कोठें जावयाचा तें लिहिलेलें असतें. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात, आणि राउटर तो पत्ता पाहून पॅकेट योग्य वाटेला लावतो. मला ठाऊक नव्हतें तें हें कीं, या वाटाड्याच्या एका देहांत दोन अगदीं भिन्न प्रकृतीचे इसम राहतात.

पहिला इसम हमाल आहे. तो म्हणजे याच एका कामासाठीं घडविलेल्या चिपा. मोठ्या राउटरांतला हा हमाल सेकंदाला कोट्यवधि पॅकेटें या दारांतून घेतो आणि त्या दारांतून लोटतो. तो विचार करीत नाहीं, कारण त्याला विचार करण्याचें कारणच पडत नाहीं. कोणत्या पत्त्याला कोणतें दार, याची वही त्याच्या हातांत तयार असते. ती वही लिहितो तो दुसरा इसम, कारभारी. हा एक साधा प्रोसेसर. आपल्या टेबलावरच्या संगणकांत असतो त्याच जातीचा. शेजारच्या राउटरांशीं बोलणें, कोणती वाट मोडली आणि कोणती नवी झाली याच्या बातम्या घेणें, आणि त्यांवरून वही सुधारणें, हें याचें काम. काम विचाराचें म्हणून वेग थोडा. सेकंदाला कांहीं हजार पॅकेटें याच्यापुढें आलीं तरी याला घाम फुटतो. हमालाच्या बाजूला डेटा प्लेन म्हणतात आणि कारभाऱ्याच्या बाजूला कंट्रोल प्लेन. दोघांच्या शक्तींत हजारों पटींचें अंतर, पण बाहेरचा दरवाजा मात्र एकच! वाड्याच्या दिंडी दरवाज्यांतून धान्याच्या गाड्या कितीहि जावोत. त्यांतल्या शंभरांतल्या एका गाडीवानानें जरी "मला कारभाऱ्यांना भेटावयाचें आहे" असा हट्ट धरला, तरी कारभाऱ्याचा दिवस बुडाला.

आणि असा हट्ट धरणारीं पॅकेटें पुष्कळ. शेजाऱ्यांच्या बातम्या कारभाऱ्याकडे जातात हें ठीकच आहे. दुरून यंत्र तपासणाऱ्या माझ्या भाच्यासारख्या माणसांचे हुकूमहि त्याच्याकडेच जातात. पण "तूं जागा आहेस का?" अशी नुसती हांक मारणारींहि त्याच्याकडेच येतात, अमक्या पत्त्याचें यंत्र या आळींत कोणतें, ही चौकशीहि त्याच्याकडेच. आणखी एक गंमत पाहा. प्रत्येक पॅकेटावर निघतांना एक आंकडा घातलेला असतो, आणि वाटेंतल्या दर राउटरागणिक तो एकानें उतरतो. वाट चुकून फिरत राहिलेलें पॅकेट अनंत काळ फिरूं नये, म्हणून ही सोय. आंकडा शून्यावर आला कीं पॅकेट टाकून द्यावयाचें आणि धाडणाऱ्याला तसें कळवावयाचें. टाकणें हमालाला जमतें. कळविण्याचें लिखापढीचें काम बहुधा कारभाऱ्याच्या गळ्यांत येतें. म्हणजे मेलेलें पॅकेटहि मरतां मरतां त्याच्या टेबलावर एक अर्ज ठेवून जातें.

शांततेच्या दिवसांत हें सारें निभावतें. पण २००३ सालच्या २५ जानेवारीची गोष्ट भाच्यानें सांगितली. त्या दिवशीं ‘स्लॅमर’ नांवाचा एक किडा इंटरनेटवर सुटला. सारा अवघा ३७६ बाइटांचा, म्हणजे एखाद्या लहानशा परिच्छेदाएवढा. तो ज्या यंत्रांत शिरे तेथून वाटेल त्या पत्त्यांवर स्वतःच्या प्रती उधळूं लागे. आरंभीं दर साडेआठ सेकंदांनीं त्याची संख्या दुप्पट होत होती, आणि बळी पडण्याजोग्या यंत्रांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक यंत्रें त्यानें पहिल्या दहा मिनिटांत गांठलीं. राउटरांशीं त्याचें कांहींएक वैर नव्हतें. तो फक्त रस्त्यानें धांवत होता. तरी त्या गर्दीखालीं कित्येक राउटर बसले. वैरावांचूनहि एखाद्याला चेंगरतां येतें, हें आम्हां इतिहासवाल्यांना यात्रांवरून ठाऊक आहेच.

पहारेकऱ्याची स्मरणशक्ति

म्हणून कारभाऱ्याच्या देवडीवर पहारा बसविला. पहाऱ्याची रीत सोपी आहे. येणारांचे वर्ग पाडावयाचे: शेजाऱ्यांच्या बातम्या हा पहिला वर्ग, आपल्याच माणसांचे हुकूम हा दुसरा, हांका आणि चौकशा हा तिसरा, आणि शेवटीं, कोणत्याच वर्गांत न बसणारे ‘बाकीचे’. प्रत्येक वर्गाला सेकंदागणिक इतकेंच आंत, असें माप ठरवावयाचें. मापापलीकडचे दारांतच टाकावयाचे. २०११ सालच्या मार्चमध्यें इंटरनेटच्या नियमकारांनीं याच विषयावर एक स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केलें; त्याचा क्रमांक ६१९२.

"मग प्रत्येक माणसाला स्वतंत्र नियम कां नाहीं लिहीत?" मीं विचारलें. "मीं तर नांवनिशीवार यादी केली आहे."

"तुमच्या यादींत पांच नांवं आहेत, मामा. आणि खरी अडचण तिथंच आहे. पहारेकऱ्याची स्मरणशक्तिच फार थोडी."

हा पहारा जर कारभाऱ्यानेंच द्यावयाचा, तर त्याला अर्थच उरत नाहीं. येणाराचें तोंड पाहण्यांतच त्याचा वेळ जावयाचा. पहारा हमालाच्या वेगानें झाला पाहिजे, आणि त्यासाठीं एक खास जातीची स्मृति लागते. तिला टीकॅम म्हणतात. साध्या स्मृतीला आपण "अमक्या खणांत काय आहे?" असें विचारतों. हिला आपण वस्तु दाखवितों आणि "ही कोणत्या खणांत बसते?" असें विचारतों, आणि सारेच्या सारे खण एका ठोक्याला उत्तर देतात. शिवाय प्रत्येक खणांत शून्य आणि एक यांच्या जोडीला ‘कांहींहि चालेल’ असें तिसरें अक्षर लिहितां येतें. अशी स्मृति महाग, वीज खाणारी आणि तापट. म्हणून ती थोडीच घालतात. बऱ्याच यंत्रांत हें एकच कोठार वाटांची वही, दारांवरचे नियम आणि देवडीवरचा पहारा या सर्वांना मिळून पुरवावें लागतें; एकाला वाढलें कीं दुसऱ्याच्या पानांत कमी. नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते तर एकेकटे दोघांची जागा अडवितात. येणारांना मोजण्याचीं मापेंहि गणतीचींच.

थोड्या जागेंत नियम कसे बसवावे, याचें एक गणित भाच्यानें वर्तमानपत्राच्या कडेवर मला करून दाखविलें. संगणकाला ० पासून ६५,५३५ पर्यंत क्रमांकांचीं दारें असतात. "सर्व दारें" असा नियम या स्मृतींत एका ओळींत मावतो. "१०२४ पासून शेवटपर्यंत" म्हटलें तर सहा ओळी लागतात. आणि "पहिलें व शेवटचें सोडून बाकीचीं सर्व" असें म्हटलें तर तीस! केवळ दोन अपवादांसाठीं एकाच्या तीस ओळी, कारण या स्मृतीला दुपटीदुपटीचे गट तेवढे ओळखतां येतात. मी थक्क होऊन पाहत राहिलों. मग त्यानें हंसून खालीं लिहिलें: आधीं त्या दोघांना नांवानें अडवा, आणि मग सर्वांना सोडा. ओळी तीन. नियम तोच, क्रम बदलला. तीस वर्षें कॉलेजच्या निरनिराळ्या समित्यांवर नियमावल्या लिहिल्या. त्यांतल्या किती या रीतीनें दहाव्या हिश्शांत आल्या असत्या, कोण जाणे!

पण त्याहून मला पटली ती पुढची गोष्ट. सोळा शेजाऱ्यांचे पत्ते वाटेल तसे विखुरले असतील तर सोळा ओळी खर्चाव्या लागतात. तेच पत्ते पहिल्या दिवशींच ओळीनें, एका चौकटींत बसतील असे दिले असतील, तर सोळांना मिळून एक ओळ पुरते. पहाऱ्याची काटकसर पहाऱ्याच्या दिवशीं करतां येत नाहीं. ती घर बांधतांना करावी लागते. रायगडाचा महादरवाजा मला आठवला. दोन बुरुजांच्या कवेंत लपविलेला तो गोमुखी दरवाजा जवळ आल्यावांचून दिसत नाहीं, आणि वळण घेतल्यावांचून त्याच्यापाशीं पोंचतां येत नाहीं. किल्ल्यावर शिबंदी थोडी, हें बांधणाऱ्याला ठाऊक होतें. म्हणून त्यानें वाटच अशी बांधली कीं, हजारांचें सैन्य आलें तरी दरवाज्यापुढें एका वेळीं मूठभरच उभे राहावेत.

कोठार भरलें म्हणजे काय होतें? कांहीं यंत्रें नवा नियम नाकारतात. तें पुष्कळ बरें. कांहीं यंत्रें मात्र उरलेलें काम गुपचुप कारभाऱ्याकडे लावून देतात. २०१४ सालीं १२ ऑगस्टला असेंच झालें. जगांतल्या वाटांची वही तेव्हां पांच लाखांच्या वर गेली होती. जुन्या पण फार खपलेल्या एका जातीच्या यंत्रांत वाटांसाठीं कारखान्यांतूनच ५१२ हजारांची जागा राखलेली असे. त्या दिवशीं अमेरिकेंतल्या एका कंपनीकडून सुमारें १५ हजार जादा वाटा थोड्या वेळापुरत्या जाहीर झाल्या आणि वहीनें ती रेघ ओलांडली. न मावलेल्या वाटांचीं पॅकेटें कारभाऱ्याच्या डोक्यावर आलीं, आणि ठिकठिकाणीं जाळें मंदावलें वा तुटलें. गमतीची गोष्ट ही कीं, त्याच यंत्रांत नव्या पद्धतीच्या पत्त्यांसाठीं राखलेली जागा बरीचशी मोकळी होती. भिंत थोडी सरकवून यंत्र पुन्हां सुरू केलें असतें तर काम भागत होतें. आणि अखेर उपाय तोच करावा लागला. रेघ कोठें आहे हें ठाऊक होतें, वही वाढते आहे हेंहि ठाऊक होतें. भिंत सरकवावयाची राहून गेली होती.

पायांवरची धूळ

आतांपर्यंत चहा दोनदां झाला होता, आणि ऐकण्याच्या नादांत दूध एकदां उतूं गेलें होतें. मीं विचारलें, "पण शेजाऱ्याचं सोंग घेऊन कोणी परका आला तर? पत्ता काय, खोटाहि लिहितां येतो."

त्यावरची युक्ति मला या साऱ्या शास्त्रांत सर्वांत सुंदर वाटली. पॅकेटावरचा तो उतरता आंकडा आठवा. त्याची जास्तींत जास्त किंमत २५५. दोन शेजाऱ्यांनीं आपसांत ठरवावयाचें कीं, एकमेकांना पाठवितांना आपण २५५ च लिहूं. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याचें पॅकेट मध्यें कोणताच राउटर न लागल्यामुळें २५५ घेऊनच पोंचतें. दुरून येणाऱ्या तोतयानें निघतांना काय वाटेल तें लिहिलें, तरी वाटेंतला प्रत्येक राउटर एक उतरवितो, आणि त्याला २५५ घेऊन येतांच येत नाहीं. पहारेकऱ्यानें चेहरा पाहण्याचें कारण नाहीं, परवाना वाचण्याचें कारण नाहीं. फक्त पाय पाहावयाचे. पायांवर वाटेची धूळ असेल तर हा शेजारी नव्हे. २००७ सालच्या एका टिपणांत ही रीत नीट लिहिलेली आहे. ती एका कटाक्षाचें काम आहे, आणि जिथें साधनें थोडीं तिथें कटाक्षाला फार किंमत.

मला हें सारें ऐकून मनांतून आनंद होत होता. माझ्या सहा ते नऊच्या नियमाला जणूं शास्त्राधार मिळत होता. तसें मीं बोलूनहि दाखविलें. भाचा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण मामा, आमच्या धंद्यांत बाहेरच्या हल्ल्यानं जितकीं जाळीं पडतात, तितकींच आपल्याच पहाऱ्यानंहि पडतात."

याचा अनुभव मला होता. मात्र त्या दिवसापर्यंत तो मला कळलेला नव्हता. परीक्षेचे फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशीं आमच्या कॉलेजचें जाळें सकाळीं अकराला थांबलें. टेबलाखालच्या एका लहानशा डबींत कोणीतरी एकाच तारेचीं दोन्ही टोंकें खोंचलीं होतीं, त्यामुळें "अमक्या पत्त्याचें यंत्र कोणतें?" ही चौकशी गोल गोल फिरून लक्षावधि झाली. मुख्य यंत्रावर पहारा होता. त्यानें चौकशांच्या वर्गाला आपलें ठरलेलें माप लावलें आणि बाकीच्या चौकशा टाकल्या. पण खरी चौकशी आणि तिचा प्रतिध्वनि, दोन्ही एकाच वर्गांतल्या. मापांत जागा मिळाली ती प्रतिध्वनींना. यंत्राला धक्काहि लागला नाहीं. त्याचे सारे दिवे हिरवे होते, आणि ओवरींत शंभर मुलें फोन हातांत घेऊन रडकुंडीला आलीं होतीं. मुदत पुढें एक दिवस वाढली म्हणून निभावलें. मीं त्या दिवशीं यंत्राला दोष दिला होता. दोष असा यंत्राचा नव्हता. माप ठरविणारानें वर्ग फार ढोबळ पाडला होता, आणि यंत्रानें सांगितलेलें प्रामाणिकपणें केलें होतें.

दुसरी चूक अति शहाण्यांची. नुसत्या हांका मारणारीं पॅकेटें म्हणजे उपद्रव, असें धरून कोणी तो सारा वर्गच बंद करतात. जुन्या पत्त्यांच्या जाळ्यांत हें कसेंबसें खपतें. नव्या पद्धतींत मात्र शेजाऱ्यानें शेजाऱ्याला ओळखण्याचा व्यवहार त्याच वर्गांतून चालतो. तो वर्ग मिटला कीं शेजारीच दिसेनासा होतो. म्हणून जाणते लोक पहिल्या दिवशीं कोणालाच अडवीत नाहींत. नियम लिहितात, पण टाकण्याऐवजीं नुसते मोजतात. कोण येतो, केव्हां येतो, किती येतो, हें कांहीं दिवस पाहिल्यावर मग माप ठरवितात.

"आणि तरीहि एक चूक राहतेच," भाचा म्हणाला. "नवा शेजारी जोडला जातो, पण त्याचं नांव पहारेकऱ्याच्या यादींत घालायचं राहून जातं. मग तो ‘बाकीच्यां’त पडतो. शांत दिवसांत कांहीं कळत नाहीं. बाकीच्यांचीं पॅकेटंहि आंत जातच असतात. गर्दीच्या दिवशीं मात्र आधीं तोच बुडतो."

१९ बाइट

"बुडतो म्हणजे?"

तेव्हां त्यानें मला शेजाऱ्यांच्या बोलण्याची रीत सांगितली. मोठीं जाळीं एकमेकांशीं बी. जी. पी. नांवाच्या भाषेंत बोलतात. वाटांची बातमी असेल तेव्हां ते बातमी देतात. पण बातमी नसली म्हणजे? नुसत्या शांततेवरून शेजारी स्वस्थ आहे कीं मेला, हें ओळखतां येत नाहीं. म्हणून ठराविक वेळानें एक निरोप धाडावयाचा. हा निरोप १९ बाइटांचा. त्यांतले पहिले १६ बाइट म्हणजे एकाच ठशाची खूण, पुढचे दोन म्हणजे निरोपाची लांबी, आणि शेवटचा एक म्हणजे निरोपाचा प्रकार. झालें. मजकूर कांहीं नाहीं. त्याचा सारा अर्थ एवढाच कीं, मी आहें.

हा निरोप जर ठरलेल्या मुदतींत आला नाहीं, तर शेजारी मेला असें समजावयाचें. २००६ सालच्या नियमांत ही मुदत ९० सेकंदांची सुचविली आहे, आणि निरोप तिच्या तिसऱ्या हिश्शानें. म्हणजे ओळीनें तीन चुकले कीं संपलें. मग त्या शेजाऱ्यामार्फत जाणाऱ्या साऱ्या वाटा वहींतून काढावयाच्या, ती बातमी दुसऱ्या शेजाऱ्यांना द्यावयाची, त्यांनीं आपापल्या वह्या सुधारून ती पुढच्यांना द्यावयाची. मेला कोणीच नसतो. एका देवडीवर तीन बिनमजकुराचे निरोप गर्दींत चेंगरलेले असतात, एवढेंच. पण त्याची वार्ता आळीआळींतून फिरते, आणि फिरतां फिरतां ज्या कारभाऱ्यांना श्वास घ्यावयास उसंत नव्हती त्यांच्यावर नवें ओझें टाकते.

"म्हणून आमच्या पहाऱ्यांत पहिला वर्ग त्याचा," तो म्हणाला. "सर्वांत लहान, ज्यांत कांहींच नसतं, तो निरोप आधीं आंत."

बोलतां बोलतां तो थांबला. पिशवींतून त्यानें एक डबा काढून टेबलावर ठेवला. डबा ओळखीचा होता. राजापूरजवळच्या आमच्या खेड्यांत अक्का, माझी थोरली बहीण, भाऊजी गेल्यापासून एकटी राहते. दर संध्याकाळीं साडेसातला, देवापाशीं दिवा लावून झाला कीं, ती मला फोन करते. "जेवलास का? पाऊस आहे का तिकडे? बरं, ठेवतें." सकाळीं माझी कॉलेजची घाई असते म्हणून ती सकाळीं कधीं करीत नाहीं, आणि साडेआठला ती निजते. माझ्या यादींत तिचें नांव नव्हतें. मीं तें गाळलें होतें असेंहि नाहीं. महत्त्वाचीं माणसें कोण, याचा विचार करतांना तें मनांत आलेंच नव्हतें. सुरुवातीला मी दुसऱ्या दिवशीं तिला उलट फोन करीत असें. परीक्षांच्या धांदलींत गुरुवारीं राहिला, शुक्रवारीं राहिला, शनिवारींहि राहिला.

"काल रात्रीं आईचा फोन आला," भाचा खालीं पाहत म्हणाला. "मामी नागपुरास, मामा घरांत एकटा, आणि तीन दिवस फोन उचलत नाहीं. मामींना घाबरवायचं नाहीं म्हणून तिकडे केला नाहीं. शेजारच्या काकूंना केला, त्या तुमच्या मित्रांना केला, मावसमामांना केला. काकूंनीं ‘दिवा दिसतोय, सकाळीं पाहतें’ म्हणून सांगितलं, पण तिचं समाधान होईना. मला म्हणाली, तूं जाऊन ये. हा डबा गेल्या आठवड्यांतच तिनं तुमच्यासाठीं दिला होता."

सकाळच्या तिन्ही चौकशांचा उलगडा झाला. कुंपणावरून, मंडईंतून आणि फोनवरून माझ्या मृत्यूची वार्ता जाळ्यांतून फिरून माझ्याकडेच खुशालीचा तपास करीत आली होती. आणि एक तरुण माणूस रात्रभर गाडींत बसून, वही सुधारण्यापूर्वीं प्रत्यक्ष पाहून घ्यावें, म्हणून आला होता. आल्यापासून त्यानें मला एका शब्दानें बोल लावला नव्हता. विचारलें तेवढें आपल्या धंद्याचें सांगत बसला होता.

मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. मला लाज वाटली, पण ती लाज आळशी भावाची होती; तिची संवय असते. त्याच्या मागोमाग जो विचार आला त्यानें मात्र माझ्या पोटांत गोळा उठला. अक्काचा फोन माझी खुशाली विचारण्यासाठीं येतो, असेंच मी इतके दिवस धरून चाललों होतों, आणि खुशाल माणसाला खुशाली सांगण्याचा कंटाळा येतो. पण तो निरोप दोन्ही बाजूंनीं असतो. अक्का सत्तरीची आहे. घरांत एकटी आहे. साडेसातला फोन येतो याचा अर्थ तिनें दिवा लावला, ती चालती बोलती आहे, ती आहे. मीं माझ्या देवडीवर असा चोख पहारा बसविला होता कीं, ज्या दिवशीं तो फोन यावयाचा नाहीं, तो दिवस मला इतर दिवसांसारखाच शांत वाटला असता, आणि मी पुस्तकाचें पान उलटलें असतें.

भाच्याला संध्याकाळच्या गाडीनें परत जावयाचें होतें. त्याला पोंचवून आलों तेव्हां सहा वाजून गेले होते. मीं नियम मोडला नाहीं. पहारा पाहिजेच, हें मला आजहि वाटतें, कारण माझ्या आंतला कारभारीहि तसा मंदच आहे. फक्त यादी उघडली आणि सर्वांच्या वर एक नांव घातलें. मग पुस्तक घेऊन बसलों, पण घड्याळाकडेच पाहत राहिलों.

साडेसातला फोन वाजला.

"जेवलास का?"

"नाहीं अजून. तूं?"

"आतां बसेन. पाऊस आहे का तिकडे?"

"नाहीं. तिकडे?"

"भुरभुर आहे. बरं, ठेवतें."